कोईची अंडी सगळ्यांकडे होतात, मासे का होत नाहीत?

मुठाकाठ

दर फेब्रुवारीत कोई, म्हणजे हौदातले शोभेचे रंगीत मासे, पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच फोटो फिरतो. नायलॉनच्या झुपक्यावर चिकटलेला साबुदाणा आणि खाली, "कोईने अंडी दिली!!! आता काय करू?" अंगठे पडतात, पेढे मागितले जातात. जून येईतो त्या हौदात मूठभर पिल्लं उरतात. काही नुसती पांढरी, काही सरळ बाजारातल्या सायप्रिनसच्या (खाण्याच्या साध्या कार्पच्या) रंगाची, एकदोन वाकड्या पाठीची. मग ठरलेला निष्कर्ष: पुण्याचं पाणी कोईला मानवत नाही.

पाणी उत्तम मानवतं. कोई म्हणजे शेवटी कार्प. किलोभर वजनाची मादी लाखाच्या घरात अंडी देते आणि ते तिला कुणी शिकवावं लागत नाही. आपलं काम दोनच ठिकाणी असतं: आई-बाप निवडताना, आणि पिल्लं कमी करताना. या दोन्ही ठिकाणी आपण हात आखडता घेतो आणि मधल्या सगळ्या गोष्टींवर, म्हणजे फिल्टर, दिवे, बाटलीबंद जिवाणू, यांवर पैसे उधळतो.

आधी आई-बाप. दुकानातून "मिक्स कोई" म्हणून आणलेले दहा मासे दोन वर्षांनी मोठे झाले, की लोक तेच प्रजननाला घेतात. त्यांचे आई-बाप कोण, हे दुकानदारालाही माहीत नसतं. अशा जोडीची पिल्लं पिढीगणिक मूळ मातकट कार्पकडे सरकतात, कारण तो रंग सगळ्यांच्या रक्तात आहेच. कोहाकूला (पांढऱ्यावर लाल नक्षीचा) कोहाकूच द्या. सांके (लाल-पांढऱ्यावर काळे ठिपके) हवे असतील तर सांकेला सांके किंवा चांगला कोहाकू. मादी निवडताना आधी अंगलट, मग कातडीचा पांढरेपणा, मग लाल रंगाची जाडी, आणि नक्षी सर्वांत शेवटी. आपण नेमकं उलट करतो. नक्षी हुबेहूब वारशाने येत नाही, तो दर पिल्लामागे नवा पट आहे. अंगलट आणि कातडी मात्र बऱ्यापैकी उतरते.

मासा वरून बघायचा, काचेच्या बाजूने नाही. कोई हा वरून बघण्याचा मासा आहे आणि स्पर्धेतही तो वरूनच पारखतात. डोळा तयार करायचा असेल तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, म्हणजे आपल्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात, पुलावर उभं राहून तासभर खाली बघा. खांद्याशी रुंद, शेपटीकडे एकसारखा निमुळता, पोहताना डोकं न हलवणारा मासा लगेच वेगळा दिसतो.

मादी तीन वर्षांपुढची असावी. आपल्या उन्हात ती वर्ष-दीड वर्षातच अंडी धरते, पण पहिल्या खेपेची अंडी लहान आणि कमकुवत. नर ओळखणं सोपं: हंगामात कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांवर पांढरे खरखरीत दाणे उठतात, अंगठा फिरवला की कळतं. एका मादीला दोन नर पुरे. चार-पाच सोडले तर ते तिला हौदाच्या भिंतीवर घासून खवले काढतात.

आता हंगाम. आपल्याकडे कार्पचे दोन हंगाम होतात, थंडी सरताना आणि पावसाळ्यात. मी पहिल्याचा पक्षपाती आहे. डिसेंबर-जानेवारीत पाणी पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतं, खाणं कमी होतं, नर-मादी वेगळे ठेवायला हा काळ बरा. फेब्रुवारीच्या मध्यात पाणी वीसच्या वर टिकायला लागलं, की दोघांना एकत्र करायचं आणि त्याच संध्याकाळी तिसरा हिस्सा पाणी ताजं भरायचं. बहुतेक वेळा पहाटे खळबळ सुरू होते आणि नऊ-दहापर्यंत संपते. पाण्यावर फेस येतो आणि वास मारतो. आई-बापांना तेव्हाच उचलून दुसरीकडे न्यायचं. ते स्वतःची अंडी आवडीने खातात, त्यांच्या प्रेमाबद्दल गैरसमज नको.

अंडी चिकटायला काहीतरी मऊ, तंतुमय लागतं. जलपर्णीची मुळं उत्तम, आणि ती पुण्यात कुणालाही विकत घ्यावी लागत नाही! पण नदीतून काढून थेट हौदात टाकाल तर सोबत गोगलगायी, चतुराच्या अळ्या आणि जळवाही येतील. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट जांभळ्या पाण्यात बुडवून, मग चांगल्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या. मी स्वतः नायलॉनचे झुपके वापरतो, ते उकळता येतात.

पंचवीस अंशांच्या आसपास अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात, वीसला चार-पाच दिवस लागतात. इथे गच्चीवरचे लोक मार खातात. फेब्रुवारीत दुपारी बत्तीस आणि पहाटे बारा असतं. पाचशे लिटरच्या टाकीतलं पाणी त्याबरोबर वरखाली होतं आणि वाकड्या पाठी त्यातूनही येतात. टाकी सावलीत, वर शेडनेट, आत थर्मोस्टॅटचा हीटर. न फळलेली अंडी दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात आणि त्यांच्यावर बुरशी धरते. पाणी जेमतेम निळसर दिसेल इतकंच मिथिलीन ब्लू टाका. नळाचं पाणी खडकवासल्याचं, मऊ, अंड्यांना चांगलं. फक्त क्लोरीन काढून घ्या. हायपो म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे स्वस्त पडतात. टँकरचं बोअरचं पाणी जड असतं, ते असेल तर निदान अर्धं नळाचं मिसळा. आणि पुण्यात बऱ्याचदा गुरुवारी नळाला पाणी नसतं हे आपल्याला ठाऊक आहे, माशांना नाही. बुधवारी भरून ठेवा.

पिल्लांच्या निवडीवर मुद्दाम इथे लिहीत नाही, कारण त्यावर भांडण होणार. प्रतिसादांत होऊ दे.

गच्चीवरचा

वाचनखूण साठवली. काका, कोथरूडला गच्चीवर दोन हजार लिटरचा ताडपत्रीचा हौद आहे. त्यात मोठे मासे. अंड्यांसाठी वेगळी पाचशेची सिंटेक्स. एवढ्यात होईल का, की जमीनच घ्यावी लागेल? जमीन घ्यायची ऐपत नाही, आधीच सांगतो.

मुठाकाठ

होईल, पण सगळी पिल्लं वाढवायचा हट्ट सोडा. पाचशे लिटरमध्ये लाखभर पिल्लं फुटली तर पाचव्या दिवशी तळाशी पांढरा थर असतो, तो खाण्याचा नसतो. मोठ्या माशांच्या हौदातून अंड्यांचा एकच झुपका त्या टाकीत न्यायचा. सोसायटीने गच्चीवर मासे ठेवायला परवानगी दिली आहे का, हा प्रश्न मी विचारत नाही.

गच्चीवरचा

विचारू नकाच.

ओंजळभर

मुठाकाठ, छान लिहिलंय, पण पहिल्या आठवड्यातल्या खाण्यावर तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत आणि बहुतेकांची पिल्लं तिथेच जातात. म्हणून मी लिहिते.

फुटल्यावर पिल्लू दोन-तीन दिवस भिंतीला किंवा मुळांना चिकटून लटकतं. पोटाखालची पिवळी पिशवी हेच त्याचं अन्न. या दिवसांत काहीही टाकायचं नाही. टाकलेलं कुजतं आणि अमोनिया होतो, बस. मग ते वर येऊन हवेचा घोट घेतं आणि आडवं पोहू लागतं. त्या दिवशी पाण्यावर तेलाचा किंवा धुळीचा तवंग असेल तर घोट घेता येत नाही, हवेची पिशवी भरत नाही आणि पिल्लू जन्मभर तळाशी सरपटतं. म्हणून त्या सकाळी वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर टेकवून तवंग उचलून घ्यावा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी लोक औषधं शोधत बसतात.

आडवी पोहायला लागल्यापासून बारा तासांत अन्न. उकडलेल्या अंड्याचं पिवळं मलमलमधून गाळून देतात, चालतं, पण पाणी इतकं लवकर नासवतं की मी ते फक्त अडीअडचणीला ठेवते. खरं अन्न आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या बारीक जिवाची, ताजी पिल्लं. त्याची सुकी अंडी घरीच फोडायची. लिटरमागे पंचवीस-तीस ग्रॅम बिनआयोडीनचं जाडं मीठ, अठ्ठावीस अंशांच्या आसपास पाणी, खालून जोरात हवा, वर दिवा. चोवीस तासांत फुटतात. मग हवा बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, पिल्लं खाली बसतात, नळीने खालची ओढून घ्या. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात, त्यात आळस नको. मऊ पाण्याने धुऊन लगेच द्या, कारण काही तासांत त्यांच्यातलं पोषण त्यांनीच संपवलेलं असतं. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. पोट केशरी दिसलं की जेवण झालं.

उन्हात ठेवलेल्या बादलीत हिरवं पाणी झालं असेल तर तेही जपून ठेवा. त्यात रोटिफर हे सूक्ष्म पाणजीव असतात आणि सर्वांत बारीक पिल्लांच्या तोंडात तेच मावतात. दहाव्या-बाराव्या दिवसापासून डॅफ्निया (पाणपिसवा), मग बारीक दळलेलं खाद्य, चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं. रंगाचं खाद्य इतक्यात नको. स्पिरुलिना आणि अ‍ॅस्टाझँथिन असलेला रंग उजळतात, नसलेला निर्माण करत नाहीत.

अनुस्वार

ताई, 'अॅस्टाझँथिन' असं लिहितात की 'अ‍ॅस्टॅक्झँथिन'?

ओंजळभर

पिल्लांना कसंही चालतं.

शेततळेवाला

राम राम मंडळी. आम्ही दौंडकडचे. माझं शेततळं आहे, रोहू-कटला-सायप्रिनस करतो, शेजारी दोन गुंठ्यांचं छोटं मातीचं तळं आहे त्यात दोन वर्षं कोई लावतोय. शहरातल्या लोकांनी आर्टेमिया करावं, ठीक. पण मातीच्या तळ्यात जे होतं ते टाकीत होत नाही भाऊ. पिल्लू चौवीस तास खातंय, आपण झोपलो तरी.

आमच्याकडं पद्धत अशी. तळं आधी कोरडं पडू द्यायचं, भेगा पडेपर्यंत. चुना मारायचा. मग ज्या दिवशी मादी अंडी देईल त्याच दिवशी पाणी सोडायला सुरुवात. महिनाभर आधी भरून ठेवायचं नाही, इथंच घोटाळा होतो. जुनं शेणखत आणि भिजवलेली शेंगदाणा पेंड टाकली की चार-सहा दिवसांत बारीक जिवाणू-रोटिफर भरतात, तेवढ्यात इकडं पिल्लू पोहायला लागतं. उशीर झाला तर सायक्लॉप्स नावाचे बारीक पाणजीव मोठे होतात आणि उलटं मग तेच पिल्लाला धरतात. उलटे पोहणारे पाणकिडे आणि चतुराच्या अळ्या तर एका रात्रीत साफ करतात. पिल्लं सोडायच्या आदल्या दिवशी साबण आणि गोडं तेल एकत्र घोटून पाण्यावर पसरायचं, वारा नसताना. किडे वर श्वासाला येतात आणि मरतात. पिल्लं सोडल्यावर हे करायचं नाही.

वरून जाळं पाहिजेच. खंड्या आणि वंचक या पक्ष्यांना लाल मासा लांबूनच दिसतो, आमचा मातकट सायप्रिनस त्या मानानं वाचतो.

पहाटे चारला एकदा तळ्यावर जाऊन या. मासे वर तोंड काढून गपगप करत असले तर ऑक्सिजन कमी पडलाय. हिरवं पाणी दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्री स्वतःच पितं. पेंड जास्त झाली की हेच होणार.

मुठाकाठ

दादा, हा प्रतिसाद वेगळा धागा करण्याजोगा आहे. पाणी भरण्याची वेळ अंड्यांशी जुळवायची, एवढी एक गोष्ट जरी लोकांनी उचलली तरी पुष्कळ. एकच भर: पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तीसला साडेसात. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे आणखी थोडा घटतो. म्हणजे मे महिन्यात दाटीला माफी नाही. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवाच, आणि तो खोक्यात नाही, हौदाशेजारी.

सदाशिवपेठी

ओव्हाप्रिमचं (अंडी घालायला लावणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन द्यावं का? एक जण म्हणतात त्याशिवाय कोई अंडी देतच नाही.

मुठाकाठ

ते एक जण इंजेक्शन विकतात का बघा. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी देत नाहीत, त्यांना ते लागतं. कार्प देतो. ठरावीक दिवशी अनेक माद्यांकडून एकदम अंडी हवी असतील, तर मत्स्यबीज केंद्रवाले वापरतात, ते रास्त आहे. घरच्या दोन माद्यांना थंडीनंतरचं ताजं पाणी पुरतं. मादी तयार नसताना टोचलं तर अंडी अडकून ती मरूही शकते.

चांदणी

निवडीबद्दल लिहा ना. माझी पिल्लं पाच आठवड्यांची झाली आहेत, कोहाकू म्हणून घेतलेल्या जोडीची. दीडेक हजार असतील. सगळी फिकट गुलाबी दिसतात. काय बघायचं?

मुठाकाठ

लिहितो. वाद होवो न होवो.

पहिली निवड नक्षीची नसते. पांढऱ्या उथळ टबात शंभर-शंभर पिल्लं घेऊन फक्त व्यंग बघा: वाकडी पाठ, आखूड कल्ल्याचं झाकण, आत गेलेलं तोंड, एक पर नसणं, सरळ पोहता न येणं. ही आज काढायची. त्याच वेळी आकाराने दुप्पट झालेली जी दोन-चार पिल्लं दिसतील त्यांना जपानी लोक तोबी म्हणतात. ती आपल्याच भावंडांना गिळून मोठी झालेली असतात. ती वेगळी करा. त्यातलं एखादं पुढे चांगलं निघतं, म्हणून मी सरसकट मारत नाही, पण बाकीच्यांत ठेवत नाही.

कोहाकूत दुसऱ्या निवडीला पूर्ण पांढरी आणि पूर्ण लाल काढतात. पाचव्या आठवड्यात गुलाबी दिसताहेत तर थांबा, सहा-आठ आठवड्यांनी लाल-पांढऱ्याची कड दिसू लागेल. मग डोक्यावर लाल नसलेली, डोळ्यापर्यंत किंवा नाकापर्यंत लाल उतरलेली, एकाच बाजूला सगळा रंग असलेली, शेपटीत लाल घुसलेली. लालाची मागची कड धारदार हवी. पुढची कड पिल्लात पुसट असते, कारण पांढरा खवला लालावर येतो. त्यावरून नापास करू नका.

शोवाचं (काळा-लाल-पांढरा) गणित वेगळं आणि जास्त कठोर. फुटल्यावर दोन-तीन दिवसांतच पिल्लांचे दोन गट दिसतात, काळसर आणि फिकट. फक्त काळी ठेवायची, फिकट सगळी बाद. त्या वेळी पिल्लू तांदळाच्या कणीएवढंही नसतं, त्यामुळे चांगला उजेड आणि तरुण डोळे लागतात. शोवात इतकी सरमिसळ का, तर तो मुळातच संकर. १९२७ साली जुकिची होशिनो यांनी की उत्सुरी (काळा-पिवळा) आणि कोहाकू यांच्यापासून तो केला, आणि ते मिश्रण अजूनही दर पिढीत सुटून येतं. नवशिक्याने शोवा घेऊ नये असं माझं मत. ओगोनने सुरुवात करा. एकरंगी, डोक्याची चमक स्वच्छ आहे की डागाळलेली एवढंच बघायचं, तेही लवकर दिसतं.

दर निवडीला अर्ध्याहून जास्त बाद व्हायला हवीत. तीन निवडींनंतर शंभरातलं एखादं उरलं तर काम नीट झालं. लोकांना वाटतं ही क्रूरता नफ्यासाठी आहे. नफा असेल तर असेल. पण कमी पिल्लं ठेवली की उरलेल्यांना जागा आणि अन्न मिळतं आणि तेच अंगलटीत दिसतं. दीड हजारातली तीनशे आजच काढा, महिन्याने बाकीची ओळखू येणार नाहीत इतकी वाढलेली असतील.

तुळशीबागवाली

माफ करा, पण शंभरातली नव्याण्णव "बाद" म्हणजे नेमकं काय? मारता? नुसता रंग आवडला नाही म्हणून? मग प्रजनन करताच कशाला?

अनुस्वार

+१. हाच प्रश्न टंकत होतो.

मुठाकाठ

प्रश्न योग्य आहे. निसर्गात या नव्याण्णवांना बेडूक, पाणकिडे आणि बगळे खातात, हे खरं असलं तरी ते उत्तर नाही, कारण ही अंडी निसर्गाने नाही, मी घडवून आणली. म्हणून माझा नियम: जितकी वाढवू शकतो तितकीच अंडी फुटू द्यायची. जादा झुपके त्याच दिवशी उन्हात. अंडं सुकवणं आणि तीन इंची मासा मारणं यांत मला फरक वाटतो. तुम्हाला वाटत नसेल तर तुमचा मुद्दा मी खोडू शकत नाही. व्यंग असलेली पिल्लं लवंग तेलाच्या पाण्यात गुंगवून मारतो. सुदृढ पण नापास असलेली देऊन टाकतो, पण कुणाला, हे बघून.

तुळशीबागवाली

झुपके सुकवायचा मुद्दा पटला. रंगाचा नाही.

वेताळटेकडी

"देऊन टाकतो" वाचून अंगावर काटा आला, कारण पुण्यात "देऊन टाकणे" म्हणजे पिशवी घेऊन पाषाण तलाव, कात्रज तलाव, नाहीतर सरळ मुठा. कृपा करून असं करू नका, आणि इथे ठळक लिहा. कार्प हा जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जीवांच्या यादीत आहे. तो तळ उकरतो, पाणवनस्पती उपटतो, पाणी गढूळ करतो, आणि गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश पोचत नाही. काश्मीरच्या दल सरोवरात कार्प आल्यावर तिथले मूळचे मासे मागे पडले. आपल्या नद्यांत सांडपाणी सोसून जे चार देशी मासे उरले आहेत, त्यांच्यावर हे आणखी ओझं कशाला? रंगीत कोईची पिल्लं दोन-तीन पिढ्यांत मातकट होतात, म्हणजे ती तिथे आहेत हेही कळत नाही.

सदाशिवपेठी

सायप्रिनस तर आधीच सगळ्या धरणांत आहे की. सोडणाऱ्यांत सरकारही होतं. आपल्या पन्नास पिल्लांनी काय होणार?

वेताळटेकडी

आहे, आणि ते चुकीचंच झालं. पण कोईबरोबर आणखी एक पाहुणा जातो, रोग. कोई हर्पीस विषाणू १९९८ च्या सुमारास इस्रायल आणि अमेरिकेत उघड झाला; कोई आणि साधा कार्प दोघांनाही लागतो, आणि त्याला औषध नाही. पाणी साधारण सोळा ते अठ्ठावीस अंशांत असताना तो उफाळतो. पुण्यात हिवाळा आणि पावसाळा दोन्ही त्यात बसतात. सदाशिव पेठेत काही होणार नाही, पण ज्याचं पोट सायप्रिनसवर आहे त्याचं तळं जाईल.

शेततळेवाला

बरोबर बोलले. म्हणून मी कुणाचीही पिल्लं अशी घेत नाही. नवीन आणलेला मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत. जाळं, बादली, बूटसुद्धा वेगळे. सोबत आपलं एखादं स्वस्त कार्पचं बोटुकलं (बोटाएवढं पिल्लू) त्याच टाकीत ठेवायचं, ते टिकलं तर पुढचं बोलायचं. माशांच्या अंगावरच्या उवा आणि अँकरवर्म हे किडे डोळ्याला दिसतात तरी, त्यांचं काही करता येतं.

मुठाकाठ काका, तुमची नापास पिल्लं मी घेईन. बोटुकली झालेली, निरोगी, आणि तुमच्याकडं गेल्या दोन महिन्यांत बाहेरचा मासा आलेला नसेल तर. मी खाण्याचा मासा म्हणून वाढवतो, हे आधीच सांगतो. लाल असला तरी चव तीच. माझ्या तळ्याला सांडव्यावर बारीक जाळी आहे, पावसात एक पण बाहेर जात नाही.

तुळशीबागवाली

म्हणजे ज्याचा रंग आवडला नाही तो ताटात.

शेततळेवाला

ताई, रंग आवडला असता तर दहा वर्षं टाकीत. ताटातला निदान एक हंगाम मोकळ्या तळ्यात राहतो.

ओंजळभर

मूळ विषयाकडे येते. संयमाचा एक मुद्दा राहिला. आज जो ओगोन आपण "सोपा" म्हणून घेतो, तो सावाता आओकी आणि त्यांच्या मुलाने घडवला. १९२१ साली पाठीवर सोनेरी पट्टा असलेला एक रानटी कार्प मिळाला तिथून सुरुवात, आणि पूर्ण सोनेरी मासा मिळायला १९४६ उजाडलं. दर पिढीत जास्त सोनेरी तेवढे ठेवायचे. आपल्याकडे पहिल्या खेपेलाच "घरचं शोवा" म्हणून फलक लागतो. कुणी पाच पिढ्या एकाच कुळाची नोंद ठेवली आहे का पुण्यात? वही, कोणती मादी, कोणता नर, किती उरले? मला ठेवणारे फार भेटत नाहीत. भावा-बहिणींत जोड्या लावून लावून मासे आखूड होत चाललेत आणि दोष पाण्याला.

मुठाकाठ

हेच, हेच. वही. आणि मादीचे वरून काढलेले फोटो, दरवर्षी. दोन-तीन जणांनी मिळून कुळं वाटून घेतली तर रक्त बदलता येईल: एकाने कोहाकू, एकाने सांके, नर अदलाबदल. अर्थात चार आठवडे वेगळं ठेवूनच, नाहीतर नरासोबत उवांचीही अदलाबदल.

चांदणी

काका, तीनशे काढली. हात थरथरत होता, पण काढली. वाकडी आणि आखूड झाकणाची निघाली चाळीसच, बाकी रंगावरून ठरवता येईना म्हणून सर्वांत लहान काढली. बरोबर का?

मुठाकाठ

सर्वांत लहान नको! लहान राहिलेली बऱ्याचदा मागाहून फुटलेली किंवा खाण्यावर दबली गेलेली असतात, आणि कोहाकूत माद्यांचा रंग सावकाश बसतो. आकाराने वेगळ्या टाकीत करा, पंधरा दिवस भरपूर खाऊ घाला, मग बघा. काढलेली अजून बादलीत असतील तर.

चांदणी

बादलीत आहेत, हवा लावून. टाकी नाही दुसरी.

गच्चीवरचा

कोथरूडला या. पाचशेची सिंटेक्स रिकामी आहे, अंडी पुढच्या महिन्यात. चार आठवड्यांचं सोवळं पाळू, माझे मोठे मासे वेगळ्या हौदात आहेत, जाळंही वेगळं घेतलंय. लिफ्ट चालू असेल तर बरं, नाहीतर बादली पाच मजले.

चांदणी

चालेल. शनिवारी संध्याकाळी. पाणी माझंच आणते, अर्धं तरी.

मुठाकाठ

पिशवी अर्धा तास टाकीत तरंगवा, मग तुमच्या पाण्यात त्यांचं पाणी थोडं थोडं मिसळत सोडा. आणि रविवारी खाणं नको, सोमवारपासून.